हिवाळ्यातील श्वान-निवारा

एक विद्यार्थी, इयत्ता १० वी

‘दया’ हा शब्द निबंधांत आपण मोठ्या सढळ हाताने वापरतो. ‘भूतदया’ ह्या विषयावर तर पाचव्या इयत्तेपासून आजवर आम्ही चार वेळा तरी निबंध लिहिला असेल, व त्यास गुणही बरे मिळाले असतील. परंतु भूतदया म्हणजे सकाळी साडेसहा वाजता गारठलेल्या पाण्यात हात बुडवून साठ-सत्तर जर्मनच्या थाळ्या घासणे होय, ही गोष्ट गेल्या नाताळच्या सुटीपर्यंत आमच्या ध्यानी आली नव्हती. त्या सुटीत आम्ही चार विद्यार्थी, आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांसमवेत, एका खेड्यातील श्वान-निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून जात होतो. तेथे जे पाहिले, जे शिकलो आणि जेथे चुकलो, ते शाळासोबत्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

श्वान-निवारा म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. वाहनाखाली सापडलेली, रोगाने खंगलेली, मालकाने सोडून दिलेली कुत्री, तसेच आई मेल्यामुळे उघड्यावर पडलेली पिले येथे आणतात व त्यांस औषधपाणी करतात. बरी झाल्यावर ज्यांस कोणी घरी नेईल त्यांस घर पाहून देतात. ज्यांस घर मिळण्याजोगे नाही त्यांची शस्त्रक्रिया व लसटोचणी करून त्यांस मूळच्या वस्तीत परत सोडतात. आमचा हा निवारा नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, एका गावाबाहेर, द्राक्षबागांच्या कडेला आहे. पत्र्याची लांब पडवी, तीत जाळीचे दहा-बारा कप्पे, औषधांची एक खोली, एक चूल, पाण्याची टाकी, आणि ह्या सर्वांपासून पन्नास पावलांवर एकटी असलेली आजाऱ्यांची खोली, इतकाच तेथील संसार. त्याचा भार एक मावशी व त्यांचा भाचा ह्या दोघांवर असून, पशुवैद्य डॉक्टर एक दिवसाआड येतात. आम्हांस तेथे प्रवेश मिळण्यापूर्वी पालकांचे संमतिपत्र द्यावे लागले आणि रेबीजची आगाऊ लसही टोचून घ्यावी लागली. ह्या दुसऱ्या अटीमुळे काही घरी प्रथम काळजी उत्पन्न झाली. तिजविषयी पुढे लिहिणार आहे.

‘महाराष्ट्रात कसली आली आहे थंडी?’ असे आमचे कोकणातील आप्त नेहमी म्हणतात. त्यांनी पौषातील एक पहाट निफाडास काढावी, म्हणजे शंका फिटेल. हा प्रदेश पठारावरचा आहे. हिवाळ्यात येथील हवा कोरडी व आकाश निरभ्र असते; त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर आकाशात सोडून देते. त्यात उत्तरेकडील वारे सुटले म्हणजे पारा वेगाने उतरतो. थंडीच्या लाटेत येथील किमान तापमान ५ अंश सेल्सियसच्याही खाली गेल्याच्या नोंदी अनेकदा झालेल्या आहेत. द्राक्षमण्यांस तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार अशा पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. माणसे उठून गेली की गावची कुत्री त्या शेकोट्यांच्या उबेस येतात, आणि कित्येक तर सरळ राखेतच अंग टाकतात. वरची राख निवालेली असते, परंतु आत निखारा जिवंत असतो. पहिल्याच दिवशी आम्ही जे कुत्रे पाहिले, त्याची एक कूस अशीच भाजलेली होती. ज्यास ऊब मिळण्याची अन्य जागा नाही, तो प्राणी निखाऱ्यावर निजतो; ह्याहून थंडीचे अधिक खरे माप कोणत्या उष्णतामापकात सापडेल?

हिवाळ्यातच निवाऱ्यात गर्दी का होते, ह्याचेही कारण आहे. कुत्र्यांचा भाद्रपदाशी असलेला संबंध आपल्या गावोगावच्या बोलण्यात पूर्वापार आहे, आणि तो निराधार नाही. गावातील मोकळ्या कुत्र्यांचा संयोगकाल बहुतांशी पावसाळ्याच्या अखेरीस येतो. कुत्री सुमारे ६३ दिवस, म्हणजे नऊ आठवडे, गाभण राहते. भाद्रपद-आश्विनापासून नऊ आठवडे मोजले असता आपण कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत येऊन पोहोचतो. म्हणजे पिलांचा जन्म व वर्षातील अतिशय कडक थंडी ह्यांची गाठ दरसाल पडते. गटारांच्या नळ्यांत, कडब्याच्या गंजीखाली, उभ्या ट्रकच्या चाकांमागे अशी पिले सापडतात, आणि कोणी भला मनुष्य ती पोत्यात घालून निवाऱ्यात आणतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पिले एकटी दिसली म्हणजे ती पोरकी असतातच असे नाही. आई पोटासाठी वणवण करीत असते व तासा-दोन तासांनी परत येते. म्हणून पिले धोक्याच्या जागी नसतील, तर दूर उभे राहून काही काळ वाट पाहावी. जे पिलू आईपासून विनाकारण उचलले गेले, त्याचे आपण कल्याण केले नसून त्याची ऊब व त्याचे दूध दोन्ही हिरावून घेतली, असे मावशी म्हणत. निवाऱ्यात आलेल्या पिलांपैकी काही अशाच अविचारी दयेने आणलेली होती.

नवजात पिलाचे डोळे व कान मिटलेले असतात. डोळे सुमारे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. मोठ्या निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट इतके, म्हणजे आपल्याहून थोडे अधिक असते, आणि ते कमी होऊ लागले की त्याचे स्नायू कुडकुडून ऊब उत्पन्न करतात. नवजात पिलास मात्र हे कुडकुडणेही साधत नाही. पहिले दोन-तीन आठवडे ते सर्वस्वी आईच्या व भावंडांच्या उबेवर जगते. म्हणून गारठलेले पिलू हाती आले असता पुष्कळ लोक जी पहिली गोष्ट करतात, तीच घातक ठरते; ते लोक त्यास लगेच दूध पाजतात. थंड पडलेल्या पिलाची आतडी काम करीनाशी होतात. दूध तसेच पडून राहते, आणि गिळण्याचे बळ नसल्याने ते श्वासनलिकेतही जाते. आधी ऊब व मग दूध, हा तेथील पहिला नियम होय. ऊबही एकदम द्यावयाची नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिलाजवळ ठेवावी, आणि नको असल्यास पिलास तिजपासून दूर सरकता येईल इतकी जागा राखावी. पिलू हालचाल करू लागले व त्याचे तोंड आतून उबदार लागले, म्हणजे मगच त्यास पालथे धरून थेंब-थेंब दूध द्यावे. मुलाप्रमाणे उताणे धरू नये. नुसते गाईचे दूधही त्यास पुरत नाही, कारण कुत्रीचे दूध त्याहून पुष्कळ अधिक सकस असते. ह्यासाठी पशुवैद्य सांगतील तेच दूध व तेच प्रमाण ठेवावे.

अंथरुणाविषयीची आमची समजूतही तेथे पालटली. आम्ही घरोघर फिरून जुनी पांघरुणे गोळा करून नेली होती, व त्याचा आम्हांस अभिमानही वाटत होता. मावशींनी ती कौतुकाने ठेवून घेतली खरी, परंतु उघड्या पडवीत ती घातली नाहीत. कापड ओल धरते. दवाने अथवा मुताने भिजले की पहाटे तेच कापड कुत्र्यास बर्फाच्या लादीप्रमाणे होते. उलट भाताचा पेंढा पाणी फारसे शोषून घेत नाही, त्याच्या काड्यांत हवा कोंडून राहते, आणि कुत्र्यास त्यात शिरून स्वतःभोवती घरटे करता येते. कोंडलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते. ते खरे कसे असते, हे पेंढ्यात हात खुपसून पाहिल्यावर कळले. निफाड हा गहू, कांदा व द्राक्षे ह्यांचा मुलूख, म्हणून पेंढा इगतपुरीकडील भातखाचरांच्या गावांहून आणवतात. खाली विटांवर लाकडी फळ्या, त्यांवर कोरडी गोणपाटे, त्यांवर पेंढा, आणि वाऱ्याच्या बाजूस ताडपत्रीचा पडदा, अशी ही शय्या सिद्ध होते. पडदा जमिनीपासून वरच्या आढ्यापर्यंत मात्र बांधीत नाहीत. वर हातभर जागा मोकळी ठेवतात, कारण कोंदट हवेत खोकल्याचा रोग एका कुत्र्यापासून दुसऱ्यास झपाट्याने लागतो.

दिवसाचा क्रम ठरलेला असे. सहा वाजता पडदे वर करावयाचे, रात्रीचा ओला पेंढा काढावयाचा, कप्पे झाडून धुवावयाचे व फरशी पुसून कोरडी करावयाची. ऊन अंगणात उतरेपर्यंत म्हाताऱ्या कुत्र्यांस बाहेर काढावयाचे नाही, कारण थंडीत त्यांचे सांधे आखडतात. ज्यांस खरूज झाली आहे त्यांचे केस गळून गेलेले असतात. अशांस गोणपाटाचे अंगरखे शिवून घालतात, आणि त्यांची औषधी आंघोळ भर दुपारी उन्हातच उरकतात. पिण्याच्या पाण्याकडे थंडीत दुर्लक्ष होते, कारण माणसासही तहान कमी लागते. परंतु कोरड्या हवेत कुत्र्यास पाणी हवेच, म्हणून ते कोमट करून दोन वेळा बदलावे लागते. शरीराची ऊब राखण्यात बरीच शक्ती खर्च होते, ह्यास्तव हिवाळ्यात अन्नही थोडे वाढवितात. भात, बाजरीची भाकरी, अंडी व कोंबडीचे तुकडे ह्यांचा कालवलेला घास हे तेथील नित्याचे जेवण होय.

अन्नाचा विषय निघाला आहे म्हणून एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. निफाड-लासलगाव परिसराची कीर्ती ज्या दोन पिकांमुळे आहे, ती दोन्ही कुत्र्यास विषासमान आहेत. कांदा, मग तो कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो. द्राक्षांमुळे व मनुकांमुळे त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपण उरलेली रस्साभाजी भाकरीत कुस्करून दारच्या कुत्र्यास घालतो, अथवा नाताळात मनुका घातलेल्या केकचा तुकडा प्रेमाने त्याच्यापुढे करतो, तेव्हा आपला हेतू चांगला असतो ह्यात संशय नाही. परंतु त्याच्या शरीरास हेतू कळत नाही, पदार्थ तेवढा कळतो. चॉकलेटही तसेच वर्ज्य समजावे.

ह्या सर्व कामांचा जो क्रम आहे, त्यातील एक नियम इतरांहून कडक आहे. प्रथम लहान पिलांकडे जावयाचे, मग मोठ्या निरोगी कुत्र्यांकडे, आणि आजाऱ्यांच्या खोलीत सर्वांत शेवटी. एकदा त्या खोलीत पाऊल टाकले, की त्या दिवशी पुन्हा पिलांकडे फिरकावयाचे नाही. पहिल्याच दिवशी हा नियम आम्हांस सांगण्यात आला, व आम्ही माना डोलावल्या.

येथवर मी ‘आम्ही’ असे लिहीत आलो. ह्यापुढील मजकूर माझ्या एकट्याचा आहे.

पिलांच्या कप्प्यात तीन भावंडे होती. त्यांतील एकाच्या पांढऱ्या अंगावर बारीक काळे ठिपके असल्यामुळे आम्ही त्यास तिळ्या म्हणू लागलो. ती सुमारे सात आठवड्यांची झाली होती; लहान अंगकाठी व जंत ह्यांमुळे त्यांची पहिली लस लांबली होती, आणि डॉक्टरांनी ती येत्या सोमवारी टोचण्याचे ठरविले होते. सहाव्या दिवशी, दुपारी, माझे काम आटोपले असता आजाऱ्यांच्या खोलीतून एका पिलाचे कण्हणे ऐकू आले. मावशी गावात गेल्या होत्या. मला राहवले नाही. मी आत गेलो, त्या पिलाची घाण काढली, गोणपाट बदलले, त्यास थोपटले, आणि बाहेर येऊन साबणाने कोपरापर्यंत हात स्वच्छ धुतले. आपण फार चांगले काम केले, ह्या समाधानात मी परत येत होतो. वाटेत पिलांच्या कप्प्याचे दार उघडे होते. तिळ्या धावत आला व माझ्या चपलेचा पट्टा चावू लागला. मी खाली बसलो, त्याच्याशी खेळलो, आणि घरी गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी तिळ्याने अन्नास तोंड लावले नाही. दुपारी त्यास ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि संध्याकाळी रक्तमिश्रित हगवण. मावशींनी सर्वांस एकेक करून विचारले, तेव्हा मी झालेले सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “बाळा, हात धुतलेस म्हणतोस. पाय धुतलेस का?”

मला उत्तर देता आले नाही.

तिळ्यास पार्व्हो नावाचा रोग झाला होता. हा विषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो कोट्यवधींच्या संख्येने बाहेर पडतो आणि मातीत, फरशीवर, जोड्यांच्या तळव्यांस चिकटून महिनेच्या महिने जिवंत राहतो. साध्या साबणाने तो मरत नाही. घाण आधी घासून काढून मग त्या जागी ब्लीचिंग पावडरचे पाणी काही वेळ राहू द्यावे लागते. माणसास ह्या रोगाची बाधा होत नाही. परंतु माणूस त्याचा वाहक मात्र उत्तम होतो. शरीरात शिरल्यावर साधारणतः तीन ते सात दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. आतड्यांचे अस्तर नष्ट होते, शरीरातील पाणी निघून जाते, आणि लहान पिलू दोन-तीन दिवसांत दगावते. विषाणूवर थेट चालेल असे सर्वत्र उपलब्ध औषध नाही. शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन पिलाचे शरीर स्वतः लढेपर्यंत त्यास तगवून धरणे, हाच मुख्य उपाय. लस मात्र अतिशय गुणकारी आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा व पुढे सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुढील मात्रा दिल्या, की बहुतेक पिले ह्या संकटातून सुरक्षित राहतात.

डॉक्टरांनी तीन दिवस प्रयत्न केले. मावशींनी दोन रात्री जागून काढल्या. तिसऱ्या रात्री तिळ्या गेला. दुसरे भावंड आजारी पडून वाचले. तिसऱ्यास रोग झालाच नाही. मी डॉक्टरांस विचारले, हे माझ्यामुळेच झाले काय? ते म्हणाले, “निश्चित कोणालाच सांगता येणार नाही. रोग घेऊनच ते पिलू येथे आले असेल, असेही होऊ शकते. परंतु ह्यापुढे तू पाय धुशील, हे मात्र निश्चित.” उद्यापासून मी येणार नाही, असे मी मावशींस सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले व म्हणाल्या, “सहाला ये. थाळ्या कोण घासणार?”

मी सहाला गेलो.

ह्या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दुपारी माझ्या मनात दया नव्हती असे नाही; उलट ती इतकी होती की नियमाची आठवणच राहिली नाही. ज्या नियमास मी रुक्ष समजत होतो, तो पूर्वी अशाच मेलेल्या कित्येक पिलांच्या अनुभवातून झालेला असला पाहिजे. दयेस शिस्तीची जोड नसेल, तर ती दयाळू माणसाच्या मनास सुख देते; ज्यासाठी ती उत्पन्न झाली त्याचे भले करतेच असे नाही. पुढील रविवारी आम्ही चौघांनी मिळून आजाऱ्यांच्या खोलीच्या दाराशी एक जुने घमेले ठेवले. त्यात ब्लीचिंग पावडरचे पाणी रोज ताजे भरतात, आणि त्या खोलीसाठी रबरी बुटांचा वेगळा जोड खुंटीस टांगलेला असतो.

आता पालकांच्या काळजीविषयी. रेबीज हा रोग खरोखर भयंकर आहे. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून त्याचा विषाणू जखमेवाटे शरीरात शिरतो, आणि लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार केल्यास तो तितकाच निश्चितपणे टाळता येतो. १८८५ सालच्या जुलै महिन्यात लुई पाश्चर ह्यांनी योसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलास आपली लस टोचून वाचविले, हे आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. आपल्या वडील माणसांच्या मनात पोटात टोचावयाच्या चौदा सुयांचे भय अद्याप आहे. ती जुनी लस आपल्या देशात ह्या शतकाच्या आरंभीच बंद झाली. आता दंडात थोड्याच मात्रा देतात, व सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते. कुत्रे चावले अथवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही तीवर लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खोल जखमेस लसीबरोबर आणखी एक औषध टोचावे लागते. ते डॉक्टर ठरवितात. मुलाने भीतीने चावा लपविला तर त्यातच खरा धोका आहे. म्हणून घरी असे वातावरण असावे, की मुलगा रागावण्याच्या भयाने गप्प राहणार नाही.

चावा टाळण्याचे नियमही सोपे आहेत. खाणाऱ्या, निजलेल्या अथवा पिलांस पाजणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नये. अनोळखी कुत्रे अंगावर आले असता पळू नये. हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहावे व त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवू नये. निवाऱ्यात तर आम्हांस मोठ्या नव्या कुत्र्यांच्या कप्प्यात जाण्याची मुळीच अनुज्ञा नव्हती. ते काम मावशींचे व त्यांच्या भाच्याचे.

कोणी विचारील, गावात माणसांसच जेथे पुरेसे नाही, तेथे कुत्र्यांसाठी हा खटाटोप कशास? हा प्रश्न नवा नाही, व त्यास दिलेली उत्तरेही नवी नाहीत. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकळी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी व इतर रहिवाशांनी दुकाने बंद ठेवून त्यास विरोध केला, आणि शहरात मोठी दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ संस्था स्थापन झाली. लंडन शहरात मेरी टील्बी नामक बाईंनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी निवारा काढला, तो १८६० साली. अर्थात निवारा ही कल्पना आपणांस परकी नाही.

तथापि निवाऱ्याने सर्व प्रश्न सुटतो, असेही नव्हे. एका जोडीची संतती दरसाल वाढत गेली, तर कोणतीही पडवी पुरी पडणार नाही. खरा उपाय म्हणजे कुत्र्यांची संततिनियमनाची शस्त्रक्रिया व रेबीजची लस. ह्यासाठी केंद्र सरकारने २००१ साली नियम केले, व त्यांच्या जागी २०२३ साली नवे नियम आणले. त्यांनुसार हे काम करवून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकास लहानशी खाच पाडतात. अशी खाच दिसली की ते कुत्रे नियमनाखाली आले, असे समजावे. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यास त्याच्याच वस्तीत सोडावे, असा ह्या नियमांचा रोख आहे. परंतु २०२५ सालच्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून काढलेली कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवावीत, असा आदेश दिला. मुलांची सुरक्षितता आणि मुक्या प्राण्याचा जीव ह्या दोहोंचा मेळ घालणे सोपे नाही, हे ह्यावरून दिसून येईल. मात्र निवारे सुस्थितीत व पुरेसे असल्यावाचून तो मेळ बसणार नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

निवाऱ्यात जाणे प्रत्येकास शक्य नाही. परंतु घरी राहूनही हिवाळ्यात पुष्कळ करता येते. जिन्याखाली अथवा गोठ्याच्या कोपऱ्यात वारा न लागेल अशा जागी एक फळी, एक गोणपाट व थोडा पेंढा ठेवावा. ओला झाल्यास तो बदलावा. सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी तिजवर एकदा थाप मारावी व खाली वाकून पाहावे, कारण रात्री यंत्राच्या उबेने कुत्री तिच्याखाली येऊन निजतात. शेकोटी उठविताना राखेवर पाणी ओतावे. दारच्या कुत्र्यास कांद्याचे वा मनुकांचे काही घालू नये. आपण पाळलेल्या कुत्र्यास वेळेवर लस द्यावी, आणि त्याची पिले कोणाच्या दाराशी नेऊन सोडू नयेत. पिलू पाळावयाचेच असेल, तर विकत घेण्यापूर्वी एकदा निवाऱ्यात जाऊन यावे. गावठी कुत्रे आपल्या हवेस सोसलेले, काटक व इमानी असते. परंतु ते बारा-पंधरा वर्षे आपल्यावर अवलंबून राहील, हा हिशेब घरच्या सर्वांनी बसून आधी करावा. सुटीपुरते आणलेले पिलू शाळा सुरू झाल्यावर रस्त्यावर येते, आणि तेथून पुन्हा निवाऱ्यात.

तिळ्याचे आजारातून उठलेले भावंड मकरसंक्रांतीच्या सुमारास एका द्राक्षबागेच्या राखणदाराने नेले. दुसरे अद्याप निवाऱ्यातच आहे. आम्ही दर रविवारी जातो. येत्या हिवाळ्यासाठी कोरडी गोणपाटे, पेंढा व जर्मनच्या जुन्या थाळ्या हव्या आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी दिवाळीपूर्वी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणून द्याव्यात. ज्यांस स्वतः यावयाचे असेल, त्यांनी आपल्या पालकांचे संमतिपत्र घेऊन यावे. काम कठीण नाही, परंतु ते रोज त्याच वेळी व सांगितलेल्याच क्रमाने करावे लागते. जो एवढे कबूल करील, त्याची मावशी वाट पाहत आहेत.